थोडक्यात हुकलं: रनवेवरच्या चुकामुकींची जुनी गोष्ट

८ जून २०२४ चा मुंबई विमानतळाचा तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलाच असेल. तिरुअनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान रनवे २७ वरून धावत सुटलंय, अजून वर उचललेलं नाही, आणि त्याच रनवेच्या मागच्या टोकाला इंदूरहून आलेलं इंडिगो चाकं टेकवतंय. दोघंही एका फ्रेममध्ये. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएनं त्या कंट्रोलरला, म्हणजे टॉवरमधून विमानांना रेडिओवर परवानग्या देणाऱ्या माणसाला, ड्युटीवरून बाजूला केलं, चौकशी लावली, आणि आमच्या ग्रुपवर दोन दिवस "झोपला होता काय तो" हेच चाललं होतं. पण हा प्रकार एका माणसाच्या डुलकीचा नाहीये, याला जवळजवळ ५० वर्षांची परंपरा आहे.

आधी मुंबईचं समजून घ्या. रनवे दोन आहेत, पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. त्या एका पट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला चाळीसच्या वर विमानं चढतात-उतरतात, म्हणजे एक सुटलं की मिनिट-सव्वा मिनिटात दुसरं हजर. पुढचं जरा रेंगाळलं की मागच्याला गो-अराउंड सांगायचं, म्हणजे उतरू नको, वर जा आणि फेरी मारून ये. हे सांगायचं की नाही ते काही सेकंदांत ठरवायचं असतं.

आता मूळ गोष्ट. २७ मार्च १९७७, रविवार, स्पेनचं टेनेरिफ बेट. शेजारच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं लॉस रोदेओस नावाच्या छोट्या विमानतळावर वळवली, तिथे पार्किंगच इतकं भरलं की टॅक्सीवे, म्हणजे रनवेकडे जायचे बाजूचे रस्ते, अडले आणि निघणाऱ्या विमानांना रनवेवरूनच उलटं चालत जावं लागलं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो रनवेच्या टोकाला जाऊन वळून उभं, पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं जम्बो त्याच रनवेवर मागून येतंय, वरून धुकं उतरलेलं आणि टॉवरकडे ग्राउंड रडार, म्हणजे जमिनीवरची विमानं पडद्यावर दाखवणारं रडार, नाही. म्हणजे कोणालाच कोणी दिसत नाही, सगळी भिस्त रेडिओवर.

टॉवरनं केएलएमला टेकऑफनंतर कसं जायचं त्याचा मार्ग सांगितला, निघायची परवानगी दिलीच नव्हती. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. को-पायलटनं ते परत वाचून दाखवलं आणि वर जोडलं, की आम्ही आता टेकऑफला आहोत. याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरला वाटलं उभे आहेत, पायलटनं तर थ्रॉटल पुढे ढकललेला. टॉवर म्हणाला, ओके, थांबा, मी सांगतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅम बोललं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन रेडिओ एकाच वेळी बोलले की दोन्ही आवाज एकमेकांना खातात, नुसती चिरचिर ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते फक्त 'ओके'.

आणि तरीही एकाला शंका आली होती. फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, ते पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का अजून? कॅप्टन व्हान झान्टेन, म्हणजे कंपनीतलं मोठं प्रस्थ, ठासून म्हणाले, झालं की! तो गप्प बसला. ५८३ माणसं गेली. विमान अपघातांच्या इतिहासात आजही याहून मोठा आकडा नाही.

त्यानंतर नियम झाला तो ऐकायला किरकोळ वाटतो: 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. नुसतं 'ओके' न म्हणता मिळालेली सूचना शब्दशः परत म्हणायची, ज्याला रीडबॅक म्हणतात. आणि ज्युनिअरनं कॅप्टनला टोकायला शिकायचं, त्याचं तर अख्खं ट्रेनिंग उभं राहिलं. आपल्याकडे 'साहेबांना कसं सांगायचं' हा रोग किती जुना आहे ते तुम्हाला माहितीच आहे, हे प्रकरण वाचताना मला दर वेळी आमचं ऑफिस आठवतं.

धुकं आणि रडार नसणं या जोडीनं पुढेही बळी घेतले. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर एक छोटं जेट चुकून रनवेवर शिरलं, टेकऑफ घेणारं एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचं विमान त्याला धडकलं, ११८ मृत्यू. तिथलं ग्राउंड रडार तेव्हा बंदच होतं.

पण हुकलेल्या टकरी जास्त शिकवतात, कारण सांगायला माणसं जिवंत असतात. बोस्टन, ९ जून २००५. एकमेकांना छेदणारे दोन रनवे, दोन वेगळे कंट्रोलर, दोघांनीही एकाच वेळी टेकऑफ दिलं. यूएस एअरवेजच्या को-पायलटला आडवं येणारं एअर लिंगसचं विमान दिसलं आणि त्यानं नाक वर उचलूच दिलं नाही, दाबून धरलं, ते डोक्यावरून गेल्यावर मगच उचललं. एका ठरावीक वेगानंतर ब्रेक मारून विमान रनवेत थांबत नाही, त्यामुळे त्या क्षणी खाली राहणं हाच एक मार्ग होता.

आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २००९ मध्ये मुंबईत राष्ट्रपतींच्या ताफ्यातलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर उतरत असताना दिल्लीला जाणारं एअर इंडियाचं विमान टेकऑफसाठी धावत होतं, पायलटनं ब्रेक मारले म्हणून वाचलं. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात, लोहगावला, तर समोर चक्क जीप आणि एक माणूस. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पायलटनं वेळेआधीच नाक उचललं, शेपटीकडचा भाग घासला, विमान तसंच दिल्लीला जाऊन नीट उतरलं.

२०२३ मध्ये अमेरिकेत अशा घटनांची माळच लागली. जानेवारीत न्यूयॉर्कला एक विमान चुकीचा रनवे ओलांडत होतं आणि डेल्टाचं विमान त्यावरून धावत येत होतं, ग्राउंड रडारचा अलार्म वाजला, कंट्रोलर ओरडला, हजार-दीड हजार फुटांवर थांबलं. फेब्रुवारीत ऑस्टिनला असं रडारच नव्हतं. तिथे धुक्यातून उतरणाऱ्या फेडएक्सच्या को-पायलटला खाली दुसऱ्या विमानाची आकृती दिसली म्हणून ते वर गेले, अंतर उरलं होतं दीडशे-पावणेदोनशे फूट. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या दिल्लीतही तेच, दोन्ही विमानं विस्तारा कंपनीची, एक अहमदाबादहून उतरून रनवे ओलांडायला निघालेलं, दुसऱ्याला बागडोग्रासाठी टेकऑफ मिळालेलं. उतरलेल्या विमानाच्या महिला कॅप्टननं एटीसीला, म्हणजे कंट्रोलरना, सावध केलं आणि टेकऑफ थांबलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हादरवलं ते बंगळुरूनं. ७ जानेवारी २०२२ ची सकाळ, दोन समांतर रनवे, उत्तरेकडचा निघायला आणि दक्षिणेकडचा उतरायला. शिफ्ट इनचार्जनं ठरवलं की आता सगळं एकाच, उत्तरेच्या रनवेवरून करू. पण दक्षिण टॉवरच्या कंट्रोलरला हे सांगायचंच राहिलं. झालं, त्यानं एक इंडिगो सोडलं, उत्तरेवाल्यानं दुसरं इंडिगो सोडलं, एक कोलकात्याचं, एक भुवनेश्वरचं, आणि दोन्ही विमानं हवेत उचलल्यावर एकमेकांच्या दिशेनं यायला लागली. दोन्हीत मिळून ४२६ माणसं. रडारवरच्या कंट्रोलरला पडद्यावर ते ठिपके जवळ येताना दिसले, त्यानं दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. त्या दिवशीच्या लॉगबुकात मात्र यातलं एक अक्षरही नव्हतं.