न दिसता कळणं आणि दिसूनही न कळणं

‘साहेब, मला तो दिसलाच नाही.’ अपघातानंतर पोलीस चौकीत हे वाक्य ऐकलं की समोरचा मनात म्हणतो, मग डोळे काय खिशात ठेवले होते? या एकाच वाक्यामागे मेंदूतल्या दोन अगदी वेगळ्या घडामोडी असू शकतात. पहिलीला ब्लाइंडसाइट म्हणतात, मराठीत अंधदृष्टी म्हणू. दुसरी म्हणजे अवधान-अंधत्व, लक्ष भलतीकडे गुंतल्यामुळे आलेलं आंधळेपण. दोन्हींत माणूस खोटं बोलत नसतो आणि दोन्हींत मेंदू त्याच्या नकळत काहीतरी करत असतो. त्यामुळे रील्सवर दोन्ही ‘अवचेतन मनाची करामत’ म्हणून सर्रास एकाच पंगतीत बसवल्या जातात. नुसती गंमत म्हणून ऐकायचं असेल तर ठीक आहे. पण दोष कुणाचा, हे ठरवायची वेळ आली की हा घोळ महागात पडतो.

आधी अंधदृष्टी. लंडनमध्ये 1973 साली एका रुग्णाच्या मेंदूतला रक्तवाहिन्यांचा गुंता शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्यासोबत उजव्या बाजूचा, डोक्याच्या मागच्या भागातला दृष्टीचा पट्टाही बराचसा गेला. शोधनिबंधांत हा रुग्ण ‘डीबी’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. डोळे शाबूत होते, पण नजरेसमोरची डावी बाजू त्याला दिसेना. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आंधळ्या बाजूला प्रकाशाचा ठिपका चमकवला आणि विचारलं, कुठे होता? ‘काही दिसलंच नाही,’ हे उत्तर अपेक्षितच होतं. मग ते म्हणाले, नसू दे दिसलं, अंदाजाने बोट दाखवा. बोट बऱ्यापैकी नेमक्या जागी गेलं. रेघ उभी की आडवी, हेही तो ‘ठोकून देतोय’ असं म्हणत बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. निकाल दाखवले तेव्हा त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. हे काम 1974 मध्ये छापून आलं.

2008 साली याहून थक्क करणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘टीएन’ या रुग्णाला लागोपाठ दोन पक्षाघात झाले होते आणि दोन्ही बाजूंचे दृष्टीचे पट्टे निकामी झाले होते. तो पूर्ण आंधळा होता, पांढरी काठी घेऊन चालायचा. मेंदूसंशोधक बिआट्रिस द गेल्डर यांच्या गटाने त्याला काठीशिवाय एका बोळातून चालायला सांगितलं. बोळात खोकी, खुर्ची असं सामान मांडलेलं होतं. तोल गेलाच तर सावरायला एक संशोधक मागून चालत होता. गडी कुठेही न आपटता, अंग चोरत, वळसे घेत पार झाला. आपण काही चुकवलं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

हे कसं होतं? डोळ्यांतून निघणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या मागच्या दृष्टीच्या पट्ट्याकडे जातात आणि ‘मला दिसतंय’ ही जाणीव त्या वाटेवर अवलंबून असते. थोडे तंतू मात्र आडवाटेने मध्यमेंदूकडे वळतात. हमरस्ता बंद पडला तरी ही आडवाट चालू राहते, असं आजचं सर्वसाधारण मत आहे. (काही संशोधक म्हणतात की ही जाणीवशून्य दृष्टी नसून अतिशय अंधूक, पण जाणीव असलेलीच दृष्टी आहे. तो वाद मिटलेला नाही.) एक गोष्ट मात्र रीलवाले हमखास गाळतात. असा रुग्ण आंधळ्या बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे तहान लागली म्हणून आपणहून हात नेत नाही. कुणीतरी ‘अंदाज करा’ म्हणावं लागतं. तेव्हा ही कसली सिद्धी वगैरे नव्हे.

अवधान-अंधत्वात यातलं काहीच बिघडलेलं नसतं. डोळे ठीक, मेंदूतला दृष्टीचा पट्टा ठीक, नजरही अनेकदा नेमकी त्या वस्तूवर. फक्त लक्ष दुसऱ्या कामाला जुंपलेलं. चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही, हा 1999 चा प्रयोग आता सगळ्यांना पाठ झालाय. मला त्याहून 2013 चा प्रयोग बोलका वाटतो. 24 रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र चिकटवलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलं नाही. नजर टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं की त्यातल्या 12 जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती. ज्यांचा धंदाच बघण्याचा, त्यांची ही गत.

आता जबाबदारीकडे येऊ. 1995 च्या जानेवारीत बोस्टनमध्ये केनी कॉन्ली हा पोलीस एका संशयिताच्या मागे धावत होता. वाटेतच काही पोलीस साध्या वेशातल्या मायकेल कॉक्स या आपल्याच कृष्णवर्णीय सहकाऱ्याला गुन्हेगार समजून बेदम मारत होते. कॉन्लीने शपथेवर सांगितलं की मी मारहाण पाहिलीच नाही. तिथून गेला आणि दिसलं नाही? ज्युरीला ते पटलं नाही. खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा, या आरोपांखाली त्याला 34 महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ती रद्द झाली, पण मेंदूशास्त्रामुळे नव्हे. सरकारी पक्षाने बचावाला महत्त्वाची माहिती दिली नव्हती म्हणून.

2011 मध्ये संशोधकांनी हा प्रसंगच उभा केला. पुढे धावणाऱ्याने डोक्याला किती वेळा हात लावला ते मोजत मागून पळायचं, आणि वाटेच्या कडेला तिघांची लुटुपुटीची मारामारी. रात्री फक्त 35 टक्के लोकांच्या ती लक्षात आली, भर दिवसाही 56 टक्क्यांच्याच. मोजायचं काम काढून घेतल्यावर आकडा 72 वर गेला.

कॉन्लीला काय दिसलं, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. ‘तिथे होता, म्हणजे दिसलंच असणार’ हा युक्तिवाद मात्र कोसळतो. डीबीने कितीही डोळे ताणले असते, तरी डाव्या बाजूचा ठिपका त्याला दिसला नसता, म्हणून न दिसल्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. आपल्याला अर्धं दिसत नाही हे माहीत असून तो गाडी चालवायला बसला, तर गोष्ट निराळी. अवधान-अंधत्वात लक्ष दिलं असतं तर बहुधा दिसलं असतं. म्हणून ‘दिसलं होतं का?’ यापेक्षा ‘त्या क्षणी तू कशात गुंतला होतास, आणि त्यात गुंतणं तुझं काम होतं का?’ हा प्रश्न नेमका. संशयितावर नजर खिळवणं कॉन्लीचं कर्तव्यच होतं. उजवीकडे वळताना समोरून येणारी दुचाकी ज्याला ‘दिसली नाही’ तो गडी फोनवर जागेचा व्यवहार ठरवत असेल, तर मेंदूकडे बोट दाखवून त्याला सुटता येऊ नये. त्या क्षणी त्याचा इलाज नव्हता हे खरं, पण फोन उचलताना होता.

इथे आपला कायदा मला थोडा अपुरा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात घातला, ते चांगलंच झालं. पण मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांच्या, गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवरच्या प्रयोगांत हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या चालकांना, ज्या फलकांवर त्यांची नजर स्थिरावली होती तेही नंतर नीट ओळखता आले नाहीत. हात मोकळे होते, लक्ष नव्हतं. अपघाताच्या मिनिटाला कॉल चालू होता का, हे फोन कंपनीच्या नोंदीवरून कळतं. तो चालू असेल, तर फोन कानाला होता की डॅशबोर्डवर, हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे.