पार्श्वभूमी: ॲम्प्लिफायरचे वॉट आणि ऑनलाइन विक्रेत्याचा शब्द

कोल्हापुरात असेंबल केलेला ॲम्प्लिफायर घ्यायचा तर कारागीर समोर असायचा. ट्रान्सफॉर्मर उचलून वजन बघायचं, आत ४४४० या आयसीचा बोर्ड आहे की ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी हे विचारायचं. महाद्वार रोडच्या मिरवणुकीत चॅनेल (आवाजाची एक बाजू) उडाला, तर नवरात्राच्या आत पेटी परत त्याच्याच टेबलावर. पेटीवर छापलेल्या वॉटवर जाणते लोक विसंबत नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

अमेरिकेत घरगुती ॲम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून सांगायचे याचा नियम १९७४ मध्ये आला. आपल्याकडे मात्र टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारांतले आकडे खुशाल झळकले, त्यामागे मोजणीची ठरलेली रीतच नव्हती. २०१२ च्या आदेशाने बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी आली, पण त्या यादीत ॲम्प्लिफायर होते ते २००० वॉट आणि त्यापुढच्या इनपुटचे. तपासणीही आयएस ६१६ या सुरक्षेच्या मानकानुसार, म्हणजे शॉक लागू नये, आग लागू नये एवढ्यापुरती. छापलेले वॉट खरे की खोटे, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नाही.

ऑनलाइन विक्रीत वजन बघायची सोयही गेली. त्यामुळे खऱ्या मालाच्या विक्रेत्याला मोजणीच व्हिडिओत दाखवावी लागते. स्पीकरच्या जागी ८ ओहम, १०० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, इनपुटला १०० हर्ट्झचा टोन, आउटपुटला मल्टिमीटर आणि लाटेचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप. आवाज वाढवत न्यायचा, लाटेचा माथा चपटा होऊ लागला की किंचित मागे येऊन एसी व्होल्ट वाचायचे. २० व्होल्ट आले, तर २० गुणिले २० भागिले ८, म्हणजे ५० वॉट. १ किलोहर्ट्झचा टोन लावला तर स्वस्तातले बरेच मीटर चुकीचं वाचतात. ते घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात. स्कोप न दाखवता नुसते व्होल्ट दाखवणाऱ्याकडून घेऊ नये. आवाज फाटला तरी व्होल्ट चढतच राहतात.

ट्रान्सफॉर्मर तर थेट चुगली करतो. त्यावर १२-०-१२, ५ अँपिअर लिहिलेलं असेल, तर टोकापासून टोकापर्यंत २४ व्होल्ट गुणिले ५, म्हणजे १२० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), एवढीच त्याची ताकद. त्यावर चालणाऱ्या पेटीवर १००० वॉट लिहिलेलं असेल तर पुढची माहिती वाचायचीसुद्धा गरज नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता, परतीच्या अटी आणि तक्रार अधिकारी जाहीर करणं बंधनकारक केलं. कागदावर हे ठीक, पण निम्मी भांडणं कुरिअरमध्ये सुरू होतात. खोकं आपटलं की जड ट्रान्सफॉर्मर स्क्रू उपटून बोर्डवर पडतो. स्पीकरचं मॅग्नेट सरकलं तर कॉइल घासते. म्हणून जाणते विक्रेते ट्रान्सफॉर्मर वेगळा बांधतात, स्पीकरचा पडदा दोन्ही हातांनी सारखा दाबून कॉइल घासत नाही हे पॅकिंगआधी चित्रित करतात, बिलावर ट्रान्झिस्टरचे नंबर घालतात. गिऱ्हाइकाकडून ते खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ मागतात. मध्ये कट दिसला तर माल बदलून मिळत नाही.