रेडिएशनचा घाव आणि तो बुजू न देणारी रसायनं

कॅन्सरच्या रेडिएशनला बरेच जण ‘शेक’ म्हणतात, पण त्यात उष्णता जवळपास नसतेच. एका वेळी साधारण २ ग्रे मात्रा देतात, म्हणजे किलोमागे २ जूल. एवढ्याने पाण्याचं तापमान ०.०००५ अंशानेही चढत नाही. तरीही प्रत्येक पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच सुमारे २,००० जागी तुटतो आणि ७०-८० जागी दोन्ही धागे एकदम तुटतात.

एक्स-किरण थेट डीएनएवर आदळून होणारं नुकसान साधारण एक तृतीयांशच. बाकीचं काम पाणी करतं. किरणांनी पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन उरल्याने दिसेल त्यावर झडप घालणारा तुकडा, तयार होतं. ते काही नॅनोसेकंदच टिकतं आणि काही नॅनोमीटरच सरकतं. म्हणून डीएनएला लगटून असलेल्या पाण्यातलंच मूलक घाव घालतं.

एक धागा तुटला तर समोरचा धागा नमुना म्हणून शाबूत असतो. पेशी तो बघून दुरुस्ती उरकते. डीएनएच्या दहा-वीस अक्षरांच्या (म्हणजे धाग्यावरच्या रासायनिक दुव्यांच्या) अंतरात दोन्ही तुटले, तर नमुनाच उरत नाही. टोकं कशीबशी जोडताना अक्षरं गळतात, कधी भलत्याच गुणसूत्राचं टोक जोडलं जातं. पेशी मरते ती मुख्यतः अशा तुटींमुळे.

किरणांची धार वाढवणारी रसायनं दरवेळी जास्त तोडफोड करतात असं नाही. बरीचशी दुरुस्तीच हुकवतात. सगळ्यात जुनं उदाहरण साध्या ऑक्सिजनचं. डीएनएवर मूलक तयार झालं की पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला हायड्रोजन देऊन पूर्ववत करू पाहतं. ऑक्सिजन आधी पोहोचला तर तो तिथे चिकटतो आणि घाव पक्का होतो. ही शर्यत काही मिलिसेकंदांत संपते, त्यामुळे ऑक्सिजन किरण पडतानाच हजर हवा. तो नसेल तर तेवढ्याच परिणामाला अडीच ते तीनपट मात्रा लागते. गाठीत रक्तवाहिनीपासून सुमारे १५० मायक्रॉनपलीकडे तो पोहोचतच नाही, अडचण तिथेच आहे.

ब्रोमोडीऑक्सियुरिडिन या रसायनाची युक्ती त्याहून चलाख. त्यातला ब्रोमीन अणू आकाराने थायमिन या डीएनएच्या अक्षरातल्या मिथाइल गटाएवढा. पेशी फसते आणि डीएनएची नक्कल करताना त्याला थायमिनच्या जागी बसवते. किरणांनी सुटलेला इलेक्ट्रॉन आला की ब्रोमाइड निघून जातं, मागे राहिलेलं मूलक शेजारच्या शर्करेचा हायड्रोजन ओढतं आणि धागा तुटतो. मात्र अस्थिमज्जेतल्या भराभर वाढणाऱ्या पेशीही तितक्याच फसतात, म्हणून दवाखान्यात त्याचं फारसं जमलं नाही.

जमलं ते सिसप्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचं. ते शेजारशेजारच्या दोन ग्वानिन अक्षरांना बांधून डीएनएला बाक आणतं आणि तुटींची दुरुस्ती अडवतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आठवड्याला शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम देतात. त्यासोबत सलाइन भरपूर चढवावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडं बिघडतात. कानांनाही धोका असतोच.

ज्यांना ते झेपत नाही, त्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोसेटॅक्सेल वापरून पाहिलं, आठवड्याला दर चौरस मीटरमागे फक्त १५ मिलिग्रॅम. हे औषध पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवून धरतं आणि तिथेच ती किरणांना सर्वांत हळवी असते. दोन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ वर गेलं. तोंडाच्या आतल्या त्वचेला गंभीर व्रण होण्याचं प्रमाणही २२ वरून जवळपास ५० टक्क्यांवर गेलं.