शरीर, ओळख आणि बायकांची जागा

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 807. दहा वर्षं आधी हाच आकडा 894 होता. मधल्या काळात सोनोग्राफीची मशिनं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती, आणि लिंगनिदानबंदीचा 1994 चा कायदा कागदावर होताच. त्या मशिनच्या पडद्यावर एवढंच दिसायचं, की पोटातलं शरीर कुठल्या अंगानं घडतंय. ते लेकरू मोठं होऊन स्वतःला कोण समजेल हे तिथं दिसत नव्हतं, आणि विचारायला आलेल्यांना त्याच्याशी देणंघेणंही नव्हतं. त्यामुळं ‘जैविक लिंग वगैरे काही नसतं, सगळा समाजानं घातलेला घोळ आहे’ असं कुणी म्हणालं, तर मराठवाड्यात बसून ते पटणं अवघड जातं.

पण दुसरी बाजूही इथल्याच मातीतली आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, 1329 फसलीत म्हणजे 1919 साली, हैदराबाद संस्थानानं हिजड्यांसाठी कायदा केला. त्यात त्यांची नोंदवही ठेवायची होती. नोंद झालेला माणूस बाईच्या कपड्यांत किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला, तर वॉरंटशिवाय अटक. तेलंगणा उच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला तो थेट 2023 मध्ये. तेव्हा पुरुषाच्या शरीरात जन्मून बाई म्हणून जगणारी माणसं हे मोबाइलवरून आलेलं खूळ आहे, हेही म्हणायची सोय नाही.

भांडण सध्या पेटलंय ते बायकांसाठी राखीव असलेल्या जागांवरून: पुरुषाच्या शरीरात जन्मून बाई म्हणून जगणाऱ्यांना तिथं येऊ द्यायचं का नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 16 एप्रिल 2025 ला निकाल दिला, की तिथल्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 ला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या म्हणजे नालसाच्या खटल्यात, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. दोन्ही निकाल मोबाइलवर येतात, दोन्हींवर इथंही तावातावानं बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांतले बरेच जण शरीर कसं घडतं हा भाग गाळूनच पुढं जातात. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरींना मुलीची गुणसूत्रं एक्सएक्स आणि मुलाची एक्सवाय, हे पाठ असतं. खरी गंमत त्याच्या पुढं आहे.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत तो मुलाचा का मुलीचा हे बाहेरून तर सोडाच, आतली रचना बघूनही कळत नाही. दोन्हींत सारख्याच ग्रंथी असतात, ज्यांचं अंडाशय होऊ शकतं किंवा वृषण. शिवाय नळ्यांच्या दोन जोड्या असतात, एक वुल्फियन, एक म्युलेरियन. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक छोटंसं जनुक असतं. ते वेळेवर जागं झालं, तर ग्रंथी वृषणाच्या वाटेला लागतात. हे जनुक 1990 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी शोधलं, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं अँड्र्यू सिंक्लेअर यांचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वृषण तयार झाले, की ते दोन संप्रेरकं (हार्मोन्स) सोडतात. एकामुळं म्युलेरियन जोडी विरघळून जाते, नाहीतर तिचं गर्भाशय झालं असतं. दुसरं टेस्टोस्टेरॉन. ते वुल्फियन जोडी टिकवतं, आणि त्याच्यापासून एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं, ज्यातून पुरुषाचे बाहेरचे अवयव आकार घेतात. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात सशिणीच्या गर्भाशयातल्या पिल्लांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या ग्रंथी काढून टाकल्या. नखाएवढ्या जिवावर अशी शस्त्रक्रिया करणं तेव्हाच्या साधनांत काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढं ती पिल्लं तपासली तेव्हा सगळ्यांचं शरीर मादीचं होतं, गुणसूत्रं कुठलीही असोत. यावरून पुढं बरीच वर्षं असं शिकवलं गेलं, की मुलगी आपोआप होते आणि मुलगा ‘घडवावा’ लागतो. ते अर्धंच खरं निघालं. अंडाशय व्हायलाही स्वतःची जनुकं कामाला लागावी लागतात. मुलगी ही काहीच न घडल्यामुळं होणारी गोष्ट आहे, ही समजूत पुस्तकांत इतकी वर्षं टिकली यात मला तरी नवल वाटत नाही.

एवढे टप्पे म्हटल्यावर कुठंतरी घडी विस्कटणारच. कधी एक्सवाय गर्भात टेस्टोस्टेरॉन भरपूर तयार होतं, पण पेशींना ते जाणवतच नाही. अशी मुलगी सर्वार्थानं मुलगी म्हणून वाढते, फक्त पाळी येत नाही, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी दवाखान्यात नेल्यावर पोटात वृषण सापडतात. कधी ते विकर कमी पडतं. जन्मताना दाई ‘मुलगी झाली’ म्हणते, आणि बाराव्या वर्षी आवाज फुटतो, अंगपिंड बदलतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका गावातल्या अशा मुलांवर ज्युलिॲन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी 1974 मध्ये लिहिलेला निबंध या विषयातला मैलाचा दगड आहे. त्या मुलांतले बहुतेक जण वयात आल्यावर पुरुष म्हणून राहू लागले.

असे लोक किती, यावर आकड्यांची ओढाताण चालते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ॲन फॉस्टो-स्टर्लिंग यांनी नेहमीपेक्षा वेगळं असलेलं सगळं धरून 1.7 टक्के म्हटलं. लेनर्ड सॅक्स यांनी 2002 मध्ये, शरीर बघून ठरवताच येत नाही किंवा गुणसूत्रं आणि शरीर एकमेकांच्या उलट आहेत, एवढेच मोजून 0.018 टक्के म्हटलं. नव्वदपटीहून जास्त फरक, आणि दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बरोबर. वादात मात्र जो तो आपल्या सोयीचा उचलतो. मला विचाराल तर या आकड्यावर काहीच अडून नाही. प्रजननाच्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, मोठं बीजांड आणि बारीक शुक्राणू. तिसरी कुठंच सापडलेली नाही. लिंगं दोन हे त्या अर्थानं खरं. प्रत्येक माणूस त्या दोन खणांत चोख बसतोच, हे मात्र खरं नाही.

2018 साली बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस शिपायाची बातमी राज्यभर गाजली. मुलगी म्हणून वाढ, महिला शिपाई म्हणून भरती, मग तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढं पुरुष म्हणून त्याच खात्यात नोकरी. बातम्यांत सरसकट ‘लिंगबदल’ छापून आलं. पण वैद्यकाच्या दृष्टीनं ही आंतरलिंगी, म्हणजे वर सांगितलं तशी जन्मतःच घडी वेगळी बसलेल्या शरीराची गोष्ट. पारलिंगी माणसांची, म्हणजे ज्यांची ओळख शरीराशी जुळत नाही त्यांची, गोष्ट निराळी. त्यांची गुणसूत्रं, संप्रेरकं, अवयव बहुधा नेहमीसारखेच असतात. वादात या दोन्ही गोष्टींची भेसळ दोन्हीकडून होते, आणि आंतरलिंगी लेकरं फुकट साक्षीदार म्हणून उभी केली जातात.

मग ही आतली ओळख येते कुठून? कॅनडातल्या डेव्हिड रायमरचं उदाहरण इथं टाळता येत नाही. जुळ्यांतला हा एक मुलगा. 1966 मध्ये, आठ महिन्यांचा असताना, सुंता करताना त्याचं इंद्रिय जळालं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्यानं त्याला मुलगी म्हणून वाढवलं, शस्त्रक्रिया केली, संप्रेरकं दिली. ओळख संगोपनातून घडते, हा मनींचा सिद्धांत होता, आणि हे मूल त्याचा जिताजागता पुरावा म्हणून वर्षानुवर्षं जगाला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते मूल फ्रॉक फाडायचं. चौदाव्या वर्षी खरं कळल्याबरोबर त्यानं पुरुष म्हणून जगायला घेतलं. 2004 मध्ये आत्महत्या केली. बाहेरून लादलेली ओळख आत रुजत नाही, हे या प्रकरणातून दिसलं. गंमत अशी, की दोन्ही तट हाच पुरावा देतात: एक म्हणतो, बघा शरीरच खरं, दुसरा म्हणतो, बघा आतली ओळखच खरी. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो, मेंदूच्या तपासण्यांतून मात्र एकेका माणसाबद्दल काहीच ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत पारलिंगी ओळखीचा विषय मनोविकारांतून बाहेर काढला.

म्हणजे रक्त काढून किंवा स्कॅन करून ही ओळख सिद्ध करायची सोय नाही. अर्धशिशीचीही रक्तचाचणी नसते, म्हणून डोकं दुखत नाही असं कुणी म्हणत नाही. पण चाचणी नसण्याचा दुसराही अर्थ निघतो, आणि स्त्रियांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा तोच आहे: दाराशी आलेल्या माणसाचं म्हणणं खरं का बनाव, हे ओळखायचं साधन आत असलेल्या बाईकडं नसतं. हा मुद्दा ‘द्वेष’ म्हणून झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही.

आधी खेळाचं बघू. वयात येणं हा टप्पा तिथं महत्त्वाचा. तोवर मुला-मुलींच्या धावण्यात फारसं अंतर नसतं. त्यानंतर पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बाईच्या कित्येक पट होतं. उंची, हाडं, फुप्फुसं, हृदय, हाताचे पंजे, सगळं बदलतं. धावण्यात हे अंतर दहा-बारा टक्क्यांचं, ठोसा मारण्यात त्याहून कितीतरी जास्त. पारलिंगी स्त्रीनं टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं घेतली, की हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं. स्नायू मात्र वर्षभरात जेमतेम पाच टक्के घटतात, आणि उंची तर कुठंच जात नाही. त्यामुळं मोठ्या स्पर्धांत बायकांचा गट वेगळा ठेवायला भक्कम कारण आहे.

तरीही दारावरच्या तपासणीचा इतिहास कुणालाही शरम वाटावी असा आहे. 1968 च्या ऑलिंपिकपासून बायकांची गुणसूत्रं तपासायला लागले, बाई बनून आलेला पुरुष सापडावा म्हणून. सापडल्या त्या स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या पोरी. 1985 मध्ये स्पेनची मारिया पॅटिन्यो. 2006 मध्ये तामिळनाडूच्या गरीब घरातली शांती सौंदराजन. दोहातल्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं रौप्यपदक मिळालं आणि काढूनही घेतलं. 2014 मध्ये ओडिशाची द्युती चंद, जी खेळांच्या लवादापर्यंत भांडली आणि तिनं टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नियम स्थगित करून घेतला. सप्टेंबर 2025 पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं पुन्हा एसआरवायची चाचणी सक्तीची केली. त्यावर जाहीरपणे हरकत घेणाऱ्यांत होते अँड्र्यू सिंक्लेअर, ते जनुक शोधणारेच. त्यांचं म्हणणं, जनुक आहे एवढंच ही चाचणी सांगते. ते चालतंय का, वृषण झाले का, टेस्टोस्टेरॉन शरीराला लागू पडतंय का, हे सांगत नाही.

खेळाला लावलेला नियम मुतारीला लावता येत नाही. एसटी स्टँडवर कुणी धावायला जात नाही. टेबलावर पाच रुपये घ्यायला बसलेली बाई रोज येणाऱ्या तृतीयपंथींना नावानिशी ओळखत असते. ती मान हलवते आणि त्या आत जातात. आतल्या दोन-चार जणी पदर सावरून बाजूला सरकतात, कुणी तोंड वाकडं करते, कुणी लक्षही देत नाही. त्यांना पुरुषांच्या बाजूला पाठवलं तर तिथं काय होतं हे विचारायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये पारलिंगींना ओळखीप्रमाणं स्वच्छतागृह वापरू देणारी गावं आणि तसा नियम नसलेली गावं यांची तुलना झाली, आणि तक्रारींत फरक दिसला नाही. अशा तक्रारी मुळातच थोड्या असतात, त्यामुळं बारीक फरक निसटू शकतो, हेही धरून चालावं. तुरुंगाचं मात्र वेगळं. इंग्लंडमध्ये 2017 साली लैंगिक गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या एका कैद्याला पारलिंगी स्त्री म्हणून बायकांच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथल्या कैदी बायकांवर हल्ले झाले. नंतर नियम कडक करावे लागले. आपल्या गृह मंत्रालयानं जानेवारी 2022 मध्ये राज्यांना तृतीयपंथी कैद्यांसाठी वेगळी व्यवस्था सुचवली, एकांतवास न होईल अशी. दाराला बाहेरून कुलूप असेल तिथं चुकीची किंमत आत कोंडलेली बाई मोजते, म्हणून तुरुंगाच्या बाबतीत मी सावध बाजूला आहे.

बायकांना वेगळी जागा का लागते, याचं उत्तर आपल्याकडं पुस्तकात शोधायला नको. उसाच्या फडावर कोयता म्हणून, म्हणजे नवऱ्याबरोबर जोडीनं ऊस तोडायला गेलेल्या बाईला आंघोळीला आडोसा नसतो, पाळीत कपडा बदलायला जागा नसते, आणि एक दिवस घरी थांबलं तर मुकादम खाडा लावतो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या बायकांच्या आडोशावर हक्क सांगायला कुणी पारलिंगी आलेली नव्हती, आडोसाच नव्हता.

दवाखान्यात हा सगळा गुंता केसपेपरच्या खिडकीवर येतो. आतला माणूस मान वर न करता नाव, वय, गाव विचारतो आणि स्त्री का पुरुष ते स्वतःच लिहून टाकतो. पण डॉक्टरला दोन गोष्टी लागतात. साठीच्या पारलिंगी स्त्रीला लघवीला त्रास होत असेल तर प्रोस्टेट तपासायला हवी, कारण ती तिच्या शरीरात आहेच. दाढी असलेल्या पारलिंगी पुरुषाला गर्भाशयाच्या मुखाची तपासणी लागू शकते. हिमोग्लोबिनची किमान पातळीसुद्धा बाईला 12 आणि पुरुषाला 13. औषधं चालू असलेल्याला कुठली लावायची, हे औषधं किती दिवसांची आहेत त्यावर ठरतं. हाक कशी मारायची हे ओळखीवरून, तपासायचं काय हे शरीरावरून. कागदावर चौकट मात्र एकच.

आणि खाट कुठल्या वॉर्डात द्यायची? 2020 च्या केंद्रीय नियमांत तृतीयपंथींसाठी दवाखान्यांत स्वतंत्र वॉर्ड आणि आस्थापनांत स्वतंत्र स्वच्छतागृहं उभी करायला सरकारांना दोन वर्षांची मुदत दिली होती. ती सप्टेंबर 2022 मध्ये संपली.