पायरॅनोमीटर की रेफरन्स सेल?

सौर प्रकल्पासाठी ऊन मोजणारी ही दोन्ही यंत्रं आकडा वॉट प्रति चौरस मीटरमध्येच सांगतात, घोळ तिथेच होतो. एकाच खांबावर एक 812 दाखवतं, दुसरं 790, आणि कुठलं बिघडलं याचा शोध सुरू होतो. बहुतेकदा कुठलंच बिघडलेलं नसतं.

पायरॅनोमीटरमध्ये काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळी चकती असते. उन्हानं ती तापते आणि खालचा थर्मोपाइल तापमानातल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज देतो. सुमारे 285 ते 2800 नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचं सगळं ऊन ती जवळपास सारखंच शोषते. रेफरन्स सेल म्हणजे सपाट काचेखालचा सिलिकॉनचा तुकडा, पॅनेलचा धाकटा भाऊच. साधारण 1200 नॅनोमीटरपलीकडचं ऊन तिच्या लेखी नसतंच. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही काचेवरून बरंचसं निसटतं. पावसाळी हवेत मात्र पारडं फिरतं: बाष्प अवरक्त किरण गिळतं, त्यामुळे पायरॅनोमीटरचा आकडा उतरतो, सेलचा तेवढा उतरत नाही.

म्हणून जागा पारखायला आडवा बसवलेला पायरॅनोमीटर हवा, शक्यतो आयएसओ 9060 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अ वर्गाचा. उपग्रहावरून काढलेले आकडेही पूर्ण वर्णपटाचे आणि सहसा आडव्या पृष्ठभागाचे असतात. निदान वर्षभराची मोजणी त्यांच्याशी ताडता येते. पॅनेलच्या कोनात लावलेल्या सेलचे आकडे तिथे घुसडू नयेत. प्रकल्प उभा राहिल्यावर पॅनेल जसं ऊन अनुभवतं तसं मोजायला सेल उत्तम, आणि स्वस्तही.

सगळ्यात महागात पडणारी चूक लॉगरमध्ये, म्हणजे यंत्राचे आकडे नोंदवणाऱ्या पेटीत होते. प्रत्येक पायरॅनोमीटरच्या दाखल्यावर त्याची स्वतःची संवेदनशीलता, म्हणजे दर चौरस मीटरला एक वॉट उन्हामागे किती व्होल्टेज येतं, ते लिहिलेलं असतं. समजा ती 8.5 मायक्रोव्होल्ट आहे, 6.8 मिलिव्होल्ट आले की ऊन 800 वॉट. यंत्र बदललं, नव्याची संवेदनशीलता 9.2, पण लॉगरमध्ये 8.5 तसंच राहिलं, तर ऊन 8 टक्के जास्त दिसतं. आलेख गुळगुळीतच येतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

रात्री उणे 2-3 वॉट दिसले तर घाबरू नका. घुमट मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून थंड होतो, त्याचा तो परिणाम. रात्रीचे आकडे लॉगरनं परस्पर शून्य करू नयेत. रात्री अधिक 15 दिसले की वायर किंवा अर्थिंग तपासायचं, हे त्यावरूनच कळतं.