खुलासा : जेन ऑस्टिनची सोज्वळता आणि तीन वह्या

कोल्हापुरात इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचा विषय निघाला, मग तो महाविद्यालयाच्या वर्गात असो वा रंकाळ्याच्या कठड्यावर, की ती भिडस्त, सोज्वळ आणि कोणाला न दुखावणारी बाई होती, असे कोणीतरी सांगतेच. ही प्रतिमा मुख्यतः तिच्या भाच्याने लिहिलेल्या, १८६९च्या अखेरीस निघालेल्या चरित्राने रुजवली. लाडक्या आत्याविषयी तो दुसरे काय लिहिणार!

अकराव्या ते सतराव्या वर्षांदरम्यानचे लेखन तिने ज्या तीन वह्यांत उतरवून ठेवले, त्या मात्र वेगळेच सांगतात. त्यांतल्या एका गोष्टीची नायिका मिठाईवाल्याच्या दुकानात सहा आइस्क्रीम फस्त करते, पैसे द्यायला नकार देते, त्याला खाली पाडते आणि चालू लागते. १७९१मध्ये, सोळावे पुरे होण्याआधी, तिने इंग्लंडचा खोडसाळ इतिहास लिहिला आणि स्वतःला ‘पक्षपाती, पूर्वग्रहदूषित व अडाणी इतिहासकार’ म्हणवले. राजाराण्यांची चित्रे थोरली बहीण कॅसँड्राने काढली.

या वह्या म्हणजे कुलपातली रोजनिशीही नव्हे. त्यांतला मजकूर घरच्यांना वाचून दाखवला जाई, आणि छापील ग्रंथाच्या थाटात त्यांवर ‘खंड पहिला’, ‘खंड दुसरा’ अशी नावे आहेत.