पुंगळीचं तोंड

यंदा खंडेनवमीला जांबोटीच्या बाजूला मामांकडे गेलो होतो. खानापूर तालुक्याचा हा भाग म्हणजे पावसाळ्यात चार महिने कौलं वाळत नाहीत आणि भात पोटरीला आलं की रानडुकरं परसापर्यंत येतात. मामांकडे पीक राखायच्या परवान्यावरची जुनी दोननळी बंदूक आहे. विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्या रांगेत तीही झेंडूची माळ घालून बसली होती. शेजारी पत्र्याच्या डब्यात उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, लाल, हिरव्या, काही रंग उडालेल्या.

मामांचा नातू बेळगावला उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात आहे. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातला कुणीतरी गृहस्थ घरातल्या टेबलावर एक हाताचा प्रेस मांडून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत होता, खटाखट, बायका शेवयांचं यंत्र फिरवतात तसा.

"काका, हे बघा की. आपला डबा भरून पडलाय. असलं मशीन मी आठ दिवसांत करतो."

मामा झोपाळ्यावरून म्हणाले, "मशीन कशाला? आमचे आबा मुठीनं दारू मापून ठासायचे. कधी काय झालं नाही."

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण इतक्या थोड्या शब्दांत दाबाविषयीचे इतके गैरसमज वर्गातसुद्धा ऐकले नव्हते. नातवाला पुंगळी म्हणजे रिकामी बाटली वाटते, परत भरली की झालं. मामांना बंदुकीची सगळी दारू सारखी वाटते.

कायद्याचं आधी उरकतो. मामांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. काडतूस तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि तो नसताना केलेला उद्योग गुन्हा ठरतो. डुकराला गोळी घालायची तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. त्यामुळे मामांची बंदूक बहुतेक वेळा आभाळाकडे तोंड करूनच वाजते. आता मुद्द्याचं.

छऱ्याच्या काडतुसाच्या पोटात काय असतं? बुडाशी पितळी किंवा पितळेचा मुलामा दिलेली पोलादी वाटी. तिच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटून दारूला आग लावणारी टिकली, जुन्या बंदुकीच्या टोपीचा नातू. त्यावर दारू, दारूवर डाट, म्हणजे दारू आणि छरे वेगळे ठेवणारं बूच, डाटावर शिशाचे छरे. हे सगळं प्लास्टिकच्या नळीत. आणि त्या नळीचं तोंड सहा किंवा आठ कळ्या पाडून आत मिटवलेलं, मोदक मिटवतात तसं. पुंगळीवर ७० मिलिमीटर छापलेलं असतं, पण भरलेलं काडतूस मोजा, ते साठच्याही आतच भरतं. छापलेली लांबी बार उडून कळ्या उलगडल्यानंतरची असते.

सगळी गंमत या मिटलेल्या तोंडात आहे.

दिवाळीत न उडालेले फटाके गोळा करून, त्यातली दारू कागदावर काढून आपण सगळ्यांनी एकदा तरी पेटवली असेल. फुस्स होतं, उजेड पडतो, भुवया जळतात, आवाज मात्र होत नाही. तीच दारू सुतळी बॉम्बात असताना गल्लीतली कुत्री पळवते. दारू तीच, फरक सुतळीच्या वेढ्यांचा. वेढे सैल असले की बॉम्बही फुसका निघतो. दारू मोकळ्यावर कशी जळते यावरून ती कोंडल्यावर कशी जळेल हे सांगता येत नाही. मामांचे आबा आणि नातवाचं मशीन, दोघांचंही उत्तर इथेच आहे.

आबांची दारू काळी होती. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन कण म्हणून उरतो. तोच तो पांढरा धूर आणि नळीतली काजळी. आजची दारू वेगळ्या कुळातली आहे. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं. स्विस-जर्मन रसायनज्ञ श्योनबाइननं ते १८४६ मध्ये जगापुढे आणलं. सांडलेलं आम्ल त्यानं बायकोच्या एप्रनला पुसलं, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भपकन नाहीसा झाला, असं सांगतात. बैलहोंगलच्या काळ्या जमिनीत पिकतो तो कापूस आणि हा पदार्थ यांत तसं एका आम्लाचंच अंतर. पण कच्चं नायट्रोसेल्युलोज बंदुका फोडायचं. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय यानं १८८४ मध्ये ते द्रावकात मळून, लाटून, पातळ पापुद्रे कापून वळणावर आणलं. जवळजवळ सगळं वायूच होतं म्हणून त्याला बिनधुराची दारू म्हणतात. आपल्याकडे निलगिरीतल्या अरुवनकाडूला याच घराण्यातल्या कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला.

व्हिएयचं नाव एका नियमालाही आहे. दारूचा कण पृष्ठभागावरूनच जळतो, साबणाची वडी झिजते तसा थराथरानं. हा थर किती वेगानं मागे सरकतो? व्हिएय सांगतो, तो वेग भोवतालच्या दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो. घातांक एकच्या जवळ असेल तर दाब दहापट झाल्यावर ज्वलनही जवळपास दहापट जलद. बिनधुराच्या दारूसाठी घातांक ०.९ धरा, काळ्या दारूसाठी ०.३. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र खरं आहे. दाब १ वातावरणावरून, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबावरून, ७०० वर गेला तर काळी दारू सुमारे ७ पट वेगानं जळेल. बिनधुराची सुमारे ३६० पट.

मुठीच्या मापाचं आबांना काही झालं नाही ते यामुळे. मूठ थोडी जास्त भरली, दाब थोडा वाढला, पण काळी दारू त्या वाढीनं फारशी चवताळत नाही. तीच मूठ बिनधुराच्या दारूची असती तर नळी फुटली असती आणि सोबत आबांचा हात गेला असता.

घातांक एकजवळ असणं म्हणजे सावकाराचं चक्रवाढ व्याज. दाबामुळे ज्वलन वाढतं, ज्वलनामुळे वायू वाढतो, वायूमुळे दाब वाढतो, त्या वाढीव दाबावर पुन्हा ज्वलन. हे खातं फुगू न देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे छरे पुढे सरकणं. ते सरकले की मागे जागा होते, जागा झाली की दाब उतरतो. म्हणजे एका दारानं जमा, दुसऱ्या दारानं खर्च, आणि सगळा हिशेब मिटायला वेळ किती, तर सुमारे तीन मिलिसेकंद. पापुद्र्याचा आकारही इथे बोलतो. गोल दाणा जळताना लहान होत जातो, त्याचा पृष्ठभाग घटतो, वायूही घटतो. चपट्या पापुद्र्याचा पृष्ठभाग शेवटपर्यंत बराचसा तसाच राहतो. तोफेच्या दारूच्या कांडीला सात भोकं पाडतात, भोकं आतून रुंदावतात, म्हणून पृष्ठभाग उलट वाढत जातो. (यावर मी आणखी दोन पानं लिहू शकतो, पण घरच्यांनी आवर घातला आहे.)

थोडं गणित करू, नववीचं पुरेल. ऑलिंपिकमध्ये मातीच्या उडत्या तबकड्या फोडायला छऱ्यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम चालतं. वेग सेकंदाला ४०० मीटर धरला तर गतिज ऊर्जा १९२० ज्यूल. नळी ७० सेंटिमीटर, म्हणजे सरासरी बल सुमारे २७४० न्यूटन. बारा बोअरच्या नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर असतो. हा आकडाही मजेशीर आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एकेका गोळ्याचा व्यास एवढा भरतो, त्यावरून 'बारा बोअर'. तर छेदाचं क्षेत्रफळ २.७ चौरस सेंटिमीटर, आणि सरासरी दाब निघतो जेमतेम १०० वातावरण. पण युरोपात साध्या बारा बोअर काडतुसाच्या दाबाची मर्यादा आहे ७४० बार (हा 'बार' दाबाचं एकक), म्हणजे जवळजवळ तितकेच वातावरण. एवढी जास्त का? दाब नळीभर सारखा नसतोच. सुरुवातीच्या काही सेंटिमीटरमध्ये तो सुळक्यासारखा चढतो आणि मग उतरत जातो.

तो सुळका किती उंच चढेल हे बरंचसं मिटल्या तोंडावर ठरतं. कळ्या घट्ट असतील तर छरे क्षणभर अडकतात आणि तेवढ्यात व्याज चढतं. अडवणूक जास्त झाली की सुळका मर्यादेबाहेर. कळ्या सैल किंवा चिरलेल्या असतील तर छरे आधीच निसटतात, दाब चढतच नाही, आणि 'भप्प' असा ओला आवाज येतो. अर्धवट जळलेले पापुद्रे खाली सांडतात आणि कधी डाट नळीतच राहतो. पुढचा बार त्या डाटावर आपटला की नळीला गलगंड येतो किंवा ती फाटते. फुसका बार जास्त घाबरवणारा, तो यामुळे.

गावात अशा बाराचं कारण वेगळं सांगतात. कुणीतरी मंत्र टाकून बंदूक 'बांधली'. मग नारळ, लिंबू, भगताला कोंबडा. जुनी काडतुसं कागदी असायची. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात दाराची चौकट फुगते तिथे कागदाची पुंगळी कोरडी कशी राहील? ती फुगून नळीत जायचीच नाही, नाही तर तोंड मऊ पडून बार फुसका जायचा. १९६० पासून प्लास्टिकच्या पुंगळ्या आल्या आणि जागोजागच्या मंत्रांची ताकद एकदम कमी झाली.

नातवानं हे सगळं ऐकलं आणि कारखान्यातल्या माणसाचाच प्रश्न विचारला. "पण काका, हे प्लास्टिक सातशे बार कसं धरतं? आमचे होज अडीचशेला तपासतात."

प्लास्टिक काहीच धरत नाही. दाब धरते बंदुकीची पोलादी कोठी, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा. पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती आक्रसते, म्हणून सहज बाहेर निघते. उद्यमबागेतल्या माणसाला याच्यापुढे सांगावं लागत नाही, "म्हणजे सील हाय की ते." आणि वापरलेलं सील परत बसवण्याबद्दल त्याच्या फोरमनचं मत काय आहे हेही त्यानंच सांगितलं. ते इथे छापण्यासारखं नाही.

मग परदेशातले लोक भरतात ते कसे? ते वेडे नाहीत. तबकड्यांवर आठवड्याला शेकडो बार काढणाऱ्याला ते परवडतं, आणि चांगली पुंगळी पाच-सात वेळा सहज चालते. पण ते दारू अंदाजानं घालत नाहीत. प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेली कोष्टकं त्यांच्याकडे असतात, आणि कोष्टकातली प्रत्येक ओळ एकाच जोडणीची असते. ही पुंगळी, हा प्रायमर, ही दारू, हा डाट, इतके छरे. त्यातलं एक बदललं की ती ओळ रद्द. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांचं बूड आतून कमीजास्त उंचीचं असतं, म्हणजे दारूची खोली लहानमोठी आणि सुळका वेगळा. नुसता प्रायमर बदलला तरी दाब बराच हलतो. व्हिडिओतला खटाखट प्रेस दिसतो, त्यामागचं कोष्टक कॅमेऱ्यात येत नाही. दहा लाख लोकांनी पाहिलं म्हणून त्यातली पदार्थविज्ञानाची बाजू भरून निघत नाही.

मामांच्या दोननळीची तर वेगळीच भानगड. जुन्या विलायती बंदुकांची कोठी पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते. ७० चं भरलेलं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ते मिटलेलं असतं. बार उडाला की कळ्या उलगडायला पाच मिलिमीटर जागा कमी पडते, त्या नळीच्या निमुळत्या गळ्यात उघडतात, छऱ्यांची वाट अरुंद होते. आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं, हा नियम चपलेला ठीक आहे.

मामांनी चष्मा लावला आणि कोठीची लांबी कळावी म्हणून नळीच्या बुडाकडचे शिक्के वाचायचा प्रयत्न केला. कुंकवाचे थर बसले होते, खरवडावे लागले. मी डब्यातल्या पुंगळ्या एकेक करून दिव्याकडे धरत होतो. कळ्यांच्या घड्या पडलेल्या असतात तिथे प्लास्टिक ताणून पांढरं पडतं, आठ पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. काहींना त्या रेघांवरच बारीक चिरा होत्या. एका हिरवीच्या दोन कळ्या तुटूनच गेल्या होत्या.

"ही कधीची?" मी विचारलं.

मामांनी ती बोटांत फिरवली. "अठराच्या इलेक्शनला बंदूक ठाण्यात जमा केली, त्याच्या आदल्या रात्रीची. डुक्कर नव्हतं. उगीच, जायच्या आधी एक वाजवली."